ज्याला सरकारनंच चकवा लावला

पॉल बेनेविट्झ यांची गोष्ट मी आजवर अनेकांना सांगितली आहे आणि बहुतेक वेळा ऐकणारा पहिल्या दोन मिनिटांतच हसतो. अमेरिकेतला एक उद्योजक घरात कॅमेरे आणि अँटेना लावून बसतो आणि परग्रहवासीयांचे संदेश आपल्याला ऐकू येतात असं छातीठोकपणे सांगतो, म्हटल्यावर हसू येणारच. पण ते हसू आपोआप आलेलं नाही. बेनेविट्झ यांचं कुणी ऐकू नये, त्यांचं नाव निघालं की लोकांनी माना हलवाव्यात, यासाठी सरकारी पगारावरची माणसं काही वर्षं खपली होती. एवढ्या वर्षांनंतर इतक्या लांब बसून आपण हसतो, तेव्हा त्यांचं काम अजून फळ देतंय असंच म्हणावं लागेल.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. परग्रहावरची यानं पृथ्वीवर उतरली यावर विश्वास बसावा असा एकही पुरावा माझ्या पाहण्यात नाही. उडत्या तबकड्यांच्या बहुतेक कथा ग्रह, फुगे, विमानं आणि कधी कधी निव्वळ थापा यांच्या आहेत. तरी हा विषय मी सोडत नाही, कारण माझा प्रश्न आकाशातल्या दिव्यांचा नसून जमिनीवरच्या सरकारचा आहे. सरकारला गुपितं राखण्याचा अधिकार असतो आणि तो मला मान्य आहे. आपल्याच नागरिकाच्या डोक्यात जाणूनबुजून खोटं भरायचं आणि त्याच्या सोबत्यांत खबरे पेरायचे, हा अधिकार कोणत्याही लोकशाही सरकारला नाही. बेनेविट्झ यांच्या बाबतीत हेच घडलं आणि त्याचा जाब कुणीही दिलेला नाही.

न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्क शहरात कर्टलँड हा हवाई दलाचा तळ आहे. त्याला लागूनच मँझानो नावाचे डोंगर आहेत. त्या काळी हे डोंगर आतून पोखरून अण्वस्त्रांची कोठारं केलेली होती. बेनेविट्झ यांचं घर या तळाच्या जवळच होतं आणि तिथून ते डोंगर थेट दिसत. त्यांची थंडर सायंटिफिक ही कंपनीही तळाला खेटूनच. हवेतली आर्द्रता अचूक मोजण्याची उपकरणं ती बनवत असे आणि हवाई दल हे तिचं एक गिऱ्हाईक होतं. म्हणजे हा माणूस सरकारचा शत्रू तर नव्हताच, उलट तो सरकारचा पुरवठादार होता. यंत्रं जोडणं, मोजमाप घेणं आणि नोंदी ठेवणं हे त्यांच्या हाताला चिकटलेलं काम होतं.

१९७९ च्या सुमारास त्यांना त्या डोंगरांवर रात्री विचित्र दिवे दिसू लागले. त्यांनी ते चित्रित केले, अँटेना उभारल्या आणि त्यांच्या यंत्रांवर रेडिओलहरी पकडल्या जाऊ लागल्या. इथपर्यंत त्यांनी वावगं काहीच केलेलं नाही. डोंगरावर दिवे होते आणि लहरीही होत्या, कारण शेजारी अमेरिकेतल्या अत्यंत गुप्त लष्करी प्रयोगांपैकी काही चालले होते. चूक झाली ती अर्थ लावताना. हे सगळं परग्रहावरून आलेल्यांचं आहे, त्यांच्यापासून देशाला धोका आहे, असं बेनेविट्झ यांनी मनाशी धरलं. आणि मग एखाद्या सरळमार्गी नागरिकानं करावं तेच त्यांनी केलं, ते तळावरच्या सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेले. म्हणाले, तुमच्या कोठारांवर कुणीतरी घिरट्या घालतंय, बघा.

१९८० च्या हिवाळ्याच्या तोंडावर हवाई दलाच्या विशेष तपास कार्यालयाची माणसं त्यांच्या घरी येऊन फिती पाहून गेली. नोव्हेंबरात त्यांना तळावर बोलावून अधिकारी आणि शास्त्रज्ञांसमोर त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. न्यू मेक्सिकोचे सिनेटर हॅरिसन श्मिट (चंद्रावर चालून आलेले तेच श्मिट) आणि पीट डोमेनिसी यांच्यापर्यंतही हे प्रकरण पोहोचलं. अधिकृत उत्तर मिळालं की हवाई दल यात काही तपास करणार नाही.

अनधिकृत उत्तर वेगळं होतं. तपास कार्यालयाचा रिचर्ड डोटी नावाचा अधिकारी बेनेविट्झ यांच्या संपर्कात राहिला आणि त्यांच्या कल्पनांना खतपाणी घालत गेला. ‘तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे’ असं त्यांना भासवलं गेलं आणि बनावट कागद त्यांच्यापर्यंत पोहोचवले गेले. राज्याच्या उत्तरेला डल्से गावाजवळ डोंगराखाली परग्रहवासीयांचा तळ आहे, ही कल्पना त्यांच्या मनात पक्की होत गेली. तो डोंगर कर्टलँडपासून दूर, पार कोलोरॅडोच्या सीमेवर. कर्टलँडवर रोखलेले त्यांचे डोळे तिकडे वळले हे तळाच्या किती पथ्यावर पडलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

कोकणात रात्री वाट चुकलेल्या माणसाला चकवा लागला असं म्हणतात. तो चालत राहतो, पाय दुखेस्तोवर चालतो आणि पहाटे बघतो तर त्याच बांधावर उभा असतो. बेनेविट्झ अशी आठ वर्षं चालले. त्यांना वाटेवर परत आणू शकणारा माणूस त्यांच्या शेजारीच बसलेला होता आणि तोच दर वळणावर चुकीची दिशा दाखवत होता. या काळात त्यांना भेटलेल्या एकानं पुढे जाहीरपणे वर्णन केलं ते असं: सिगारेटवर सिगारेट, थरथरणारे हात, झोप उडालेली, घरभर सुऱ्या आणि बंदुका, दारांना जादा कुलपं. रात्री परग्रहवासी भिंतींतून आत येतात आणि आपल्याला रसायनं टोचतात, असं ते सांगत. १९८८ मध्ये कुटुंबीयांना त्यांना मानसिक उपचारांसाठी रुग्णालयात दाखल करावं लागलं.

हे वर्णन करणारा माणूस म्हणजे बिल मूर. न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला १९४७ मध्ये तबकडी हाती लागल्याच्या कथेवरच्या १९८० सालच्या पुस्तकाचा तो सहलेखक, उडत्या तबकड्यांच्या अभ्यासकांतलं मोठं नाव आणि टूसॉनच्या ‘एप्रो’ या तबकडी-अभ्यासकांच्या जुन्या संघटनेत वावर असलेला माणूस. १ जुलै १९८९ रोजी लास व्हेगासमध्ये ‘म्यूफॉन’ या अशाच दुसऱ्या संघटनेचं संमेलन भरलं होतं. मूरनं व्यासपीठावर उभं राहून सांगितलं की गेली काही वर्षं मी सरकारी गुप्तचरांना माहिती पुरवत होतो. बेनेविट्झ काय करतात, एप्रोत काय चाललंय, कोण काय बोलतं, हे सगळं. बेनेविट्झ यांना मुद्दाम खोटी माहिती दिली जातेय हे मला ठाऊक होतं आणि एक बनावट कागद त्यांच्यापर्यंत पोहोचवण्यातही माझा हात होता. सभागृहात आरडाओरडा झाला, काहींना रडू कोसळलं. मूरनं प्रश्न घेतले नाहीत. भाषण संपवून तो निघून गेला.

मूरचं समर्थन असं होतं की आत शिरल्याशिवाय सरकार काय दडवतंय हे कळणार नाही, म्हणून मी त्यांच्याशी सौदा केला. त्याच्या या समर्थनाचा मी प्रामाणिकपणे विचार केला आहे. पत्रकारही कधी कधी नको त्या माणसांशी बोलतात आणि काही देऊन काही मिळवतात. पण पत्रकारानं स्वतःच्या वाचकाला विषाचा पेला नेऊन दिला आणि ‘विष देणाऱ्यांचा विश्वास संपादन करायचा होता’ असं म्हटलं, तर आपण ऐकून घेऊ का? मूर बेनेविट्झ यांच्या घरी जात होता, त्यांच्याशी बोलत होता, त्यांचे थरथरणारे हात बघत होता आणि परत जाऊन अहवाल देत होता. ‘मी पाहत होतो’ हे त्याचं वाक्य समर्थन म्हणून आलेलं आहे, पण मला तर ती कबुलीतली सगळ्यांत वाईट ओळ वाटते.

या सगळ्यात डोटी आणि त्याच्या वरिष्ठांची बाजू काय? ती दुबळी नाही, म्हणून ती नीट मांडायला हवी. शीतयुद्ध चालू होतं. बेनेविट्झ यांच्या अँटेनांवर काहीतरी खरंखुरं येत होतं आणि ते त्याच्या प्रती काढून सगळ्यांना वाटत सुटले होते. सोव्हिएत हेरांना अशा हौशी मंडळींच्या नोंदी आयत्या मिळाल्या असत्या. तबकड्यांच्या मंडळांत हेरांनी शिरकाव करणं अजिबात अशक्य नव्हतं. तेव्हा हवाई दलानं काही तरी करणं भागच होतं, हे मला पटतं.

पण त्यांच्या हाताशी काय काय होतं ते पाहा. बेनेविट्झ हवाई दलाचे पुरवठादार होते. त्यांना एखाद्या खोलीत बसवून दोन वाक्यं सांगता आली असती: तुम्ही जे पाहताय ते आमचं आहे. काय आहे ते सांगता येणार नाही, पण परग्रहाचं नाही आणि देशासाठी तुम्ही हे थांबवावं. स्वतःहून तळावर तक्रार घेऊन गेलेला माणूस हे ऐकलाच नसता असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल का? ऐकलं नसतं तर कायदा होता, न्यायालय होतं, लहरी बदलण्याची सोय होती. यातलं प्रत्येक काम वेळखाऊ होतं, त्यात कुणाची तरी सही लागली असती आणि पुढे कधीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. माणसाला वेडा ठरवण्यासाठी कुणाची सही लागत नाही. शिवाय त्यात एक हिशेबही होता, आणि माझा खरा आक्षेप त्यालाच आहे. बेनेविट्झ यांनी जे पाहिलं होतं ते खरं होतं. नुसता नकार दिला असता तर ते खरं तसंच उरलं असतं आणि कधीतरी कुणीतरी त्याचा माग काढला असता. म्हणून नकार देण्याऐवजी त्यांना होकार दिला गेला. खऱ्या निरीक्षणाला इतकं खोटं चिकटवलं की ते कुणी हातातही धरू नये. दुधात पाणी घालणारा भेसळ करतो ती पैशासाठी. इथे दूधच कुणी पिऊ नये म्हणून भेसळ केली गेली.

यात बळी एकटे बेनेविट्झ नाहीत. लिंडा मोल्टन हाउ या डेन्व्हरच्या पत्रकार एका मोठ्या टीव्ही वाहिनीसाठी माहितीपट करत होत्या. एप्रिल १९८३ मध्ये डोटीनं त्यांना कर्टलँडवर बोलावलं. तिथे परग्रहवासीयांविषयी राष्ट्राध्यक्षांसाठी तयार केलेला म्हणून एक कागद आपल्याला वाचायला दिला आणि पुढे खरं चित्रीकरण मिळेल असं आश्वासन दिलं, असं हाउ सांगतात. चित्रीकरण कधीच आलं नाही. वाट पाहण्यात वेळ गेला आणि तो माहितीपट झालाच नाही. डोटीनं हे नाकारलं आहे. डिसेंबर १९८४ मध्ये मूरचा सहकारी जेमी शँडेरा याच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. त्यात फिल्मचा रोल होता आणि तिच्यावर १८ नोव्हेंबर १९५२ तारखेच्या, परग्रहवासीयांचं प्रकरण हाताळणाऱ्या ‘मॅजेस्टिक १२’ नावाच्या अतिगुप्त समितीच्या म्हणवल्या जाणाऱ्या कागदांचे फोटो होते. १९८७ मध्ये ते जाहीर झाले. एफबीआयनं चौकशी केली तेव्हा हवाई दलाच्या तपास कार्यालयानंच कागद बनावट असल्याचं सांगितलं. कागदांच्या संचात राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या सहीचं एक पत्र होतं. ती सही १ ऑक्टोबर १९४७ च्या एका खऱ्या पत्रावरच्या सहीशी तंतोतंत जुळते, हे संशयवादी फिलिप क्लास यांनी दाखवून दिलं. माणूस दोनदा सही करतो तेव्हा ती हुबेहूब कधीच येत नाही. हे पाकीट कुणी पाठवलं हे आजही सिद्ध झालेलं नाही. पण त्या कागदांवर वाद घालण्यात अभ्यासकांच्या एका अख्ख्या पिढीची वर्षं गेली.

अभ्यासकांनी स्वतः खातरजमा करायला नको होती का, असं कुणी विचारेल. हवी होती. कागद कुठून आला, कुणाच्या हातून आला, मूळ प्रत कुठे आहे, हे विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही हा नियम त्यांनी पाळला असता तर मॅजेस्टिक १२ चा वाद महिनाभरात संपला असता. त्यांच्या भोळेपणाची त्यांनी किंमत मोजली. पण भोळ्या माणसाला फसवणाऱ्याचा गुन्हा त्यानं कमी होतो का? महाराष्ट्रानं २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यात शिक्षा भोंदूला आहे, त्याच्या दारात रांग लावणाऱ्याला नाही. बुवाबाजीविरुद्ध लढलेल्या माणसांनी हा फरक आपल्याला फार मोठी किंमत देऊन शिकवला आहे. अल्बुकर्कमध्ये भोंदूच्या जागी सरकारी ओळखपत्र बाळगणारा माणूस होता. फरक इतकाच, आणि तो गुन्हा वाढवणारा आहे.

खबऱ्या पेरण्याची कल्पनाही १९८० ची नाही. जानेवारी १९५३ मध्ये सीआयएनं कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक या विज्ञान संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची एक समिती बसवली. चार दिवस बसून तिनं ठरवलं की तबकड्यांपासून देशाला थेट धोका नाही. तबकड्यांच्या बातम्यांनी संदेशयंत्रणा तुंबून शत्रूचं फावेल, हा धोका मात्र आहे. हे अगदी समंजस मत होतं. पण पुढे शिफारस अशी की प्रसारमाध्यमांतून या विषयाची हवा काढून घ्यावी आणि अशा नागरी संघटनांवर नजर ठेवावी, कारण जनमानसावर त्यांचा मोठा प्रभाव पडू शकतो. एप्रोचं नाव त्या अहवालात आहे. तेव्हा ती संघटना जेमतेम वर्षभराची होती आणि विस्कॉन्सिनमधल्या एका जोडप्याच्या घरातून चालत होती.

‘निकॅप’ या दुसऱ्या मोठ्या संघटनेच्या संचालक मंडळावर सीआयएचे पहिले संचालक रॉस्को हिलेनकोटर होते. मानसशास्त्रीय युद्धाचं काम केलेले सीआयएचे आणखी एक निवृत्त अधिकारीही होते. निकॅप पुढे मोडकळीला आली. ती सीआयएनं मोडली असं सिद्ध झालेलं नाही आणि मी तसं म्हणणारही नाही. पण निकॅपचे जुने सभासद आयुष्यभर एकमेकांकडे संशयानं बघत राहिले. नुकसान नेमकं इथे होतं. खबऱ्या खरा असो वा नसो, तो असू शकतो एवढं कळलं की मंडळ आतून कुजायला लागतं. एफबीआयला हे पक्कं ठाऊक होतं. ८ मार्च १९७१ च्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावात काही नागरिकांनी एफबीआयचं कार्यालय फोडून कागद बाहेर काढले. युद्धविरोधी मंडळींच्या मुलाखती वाढवा, म्हणजे त्यांचा संशयीपणा वाढेल आणि प्रत्येक टपालपेटीमागे एफबीआयचा माणूस आहे असं त्यांना वाटेल, असा सल्ला त्यातल्या एका टिपणात होता. तबकड्यांच्या मंडळांत आणि नागरी हक्कांच्या चळवळीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हत्यार मात्र एकच.

आता हे खोटं पुढे कुठे गेलं ते बघू, कारण ‘चार तबकडीवेड्यांना फसवलं, त्यात काय एवढं’ असं म्हणणाऱ्यांना मला हे दाखवायचं आहे. बेनेविट्झ यांच्या घरात शिजलेल्या डल्सेच्या तळाच्या, परग्रहवासी आणि सरकार यांच्यातल्या गुप्त कराराच्या कथा ऐंशीच्या दशकाअखेरीस हातोहात फिरू लागल्या. मिल्टन विल्यम कूपर नावाच्या माजी नौसैनिकानं अशा कथा उचलल्या आणि १९९१ च्या आपल्या पुस्तकात त्यांना यहुदीद्वेषाच्या एका कुप्रसिद्ध बनावट दस्ताची जोड दिली. ते पुस्तक मिलिशिया म्हणवणाऱ्या, सरकारविरोधी सशस्त्र खासगी गटांच्या हाती गेलं. पुढे कूपरनंच सांगायला सुरुवात केली की परग्रहवासीयांची सगळी कथा ही सरकारनं रचलेली फसवणूक आहे. यात काही अंशी तो बरोबरच होता. पण तोवर त्याला सगळंच फसवणूक वाटू लागलं होतं. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲरिझोनात पोलिसांशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला आणि एका पोलिसाच्या डोक्यात गोळी लागली. यातला प्रत्येक दुवा डोटीच्या गळ्यात बांधणं अन्यायाचं होईल. पण सरकारनं कंडी पिकवायची आणि ती आपल्याला हव्या त्या कुंपणापाशी थांबेल अशी अपेक्षा करायची, हा मूर्खपणा आहे.

ही कंडी सरकारच्या स्वतःच्या घरातही शिरली. २०२३ मध्ये डेव्हिड ग्रुश या माजी हवाई दल अधिकाऱ्यानं अमेरिकी काँग्रेससमोर शपथेवर सांगितलं की सरकारकडे मानवानं न बनवलेली यानं आहेत, असं मला जबाबदार लोकांनी सांगितलं आहे. मार्च २०२४ मध्ये आकाशातल्या अनोळखी वस्तूंचा तपास करणाऱ्या पेंटागॉनच्या ‘आरो’ या कार्यालयानं अहवाल काढून म्हटलं की असा कोणताही पुरावा नाही. मग जून २०२५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं बातमी दिली. ऐंशीच्या दशकात हवाई दलाच्या एका कर्नलनं नेवाडातल्या ‘एरिया ५१’ या गुप्त लष्करी तळाजवळच्या दारूच्या गुत्त्याच्या मालकाला तबकड्यांचे बनावट फोटो मुद्दाम दिले होते. तिथे चालणाऱ्या गुप्त विमानांवरून लक्ष उडावं हा हेतू. त्याहून धक्कादायक भाग पुढेच होता. गुप्त प्रकल्पांवर नव्यानं आलेल्या अधिकाऱ्यांना कित्येक वर्षं एक चिठ्ठी आणि तबकडीसारखा एक फोटो दाखवला जाई आणि हा परग्रहाच्या तंत्रज्ञानाचा प्रकल्प आहे, कुणाशी बोललास तर याद राख, असं बजावलं जाई. नव्या माणसाची फिरकी घेण्याची ती रीत होती म्हणे. अनेकांना ती फिरकी होती हे कधीच सांगितलं गेलं नाही. २०२३ मध्ये लेखी आदेश काढून ती बंद करावी लागली.

म्हणजे वीस-तीस वर्षं मनात ओझं वाहिलेला एखादा निवृत्त अधिकारी आज खासदाराला विश्वासात घेऊन सांगत असेल की मी स्वतः कागद पाहिला आहे, तर तो खोटं बोलत नाहीये. त्यानं कागद पाहिलेलाच आहे. लोकप्रतिनिधी त्या साक्षीवर कायदे करू पाहतात, त्यासाठी नवी कार्यालयं उघडतात, जनतेचा पैसा खर्च होतो. आणि ज्या अहवालानं हे सगळं स्वच्छ करायचं त्यात ही बनवाबनवीच गाळलेली होती. ती पुढच्या खंडात येईल, असं बातमी आल्यावर सांगण्यात आलं.

रॉझवेलची कथा या रोगाचं सगळ्यांत जुनं उदाहरण. ८ जुलै १९४७ रोजी तिथल्या तळानंच पत्रक काढलं की उडती तबकडी हाती लागली. लगेच सांगितलं, नाही, हवामानाचा फुगा होता. १९९४ मध्ये हवाई दलानं खरं ते सांगितलं: तो ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पाच्या फुग्यांच्या माळेचा भाग होता आणि त्या प्रकल्पाचा उद्देश सोव्हिएत अणुस्फोटांचा आवाज उंच वातावरणात टिपण्याचा होता. मला हे स्पष्टीकरण पटतं. बहुसंख्य अमेरिकनांना ते पटवून देता आलं नाही, कारण सत्तेचाळीस वर्षं दुसरंच सांगितलं होतं. वर १९९७ मध्ये आणखी एक अहवाल आला. लोकांनी पाहिलेली ‘प्रेतं’ म्हणजे उंचावरून टाकलेले मानवी पुतळे असावेत, असं त्यात होतं. ते पुतळे पन्नाशीच्या दशकातले होते आणि घटना १९४७ ची. खरं सांगायला निघालेल्या सरकारनंही लोकांच्या बुद्धीचा असा अपमान केला की मिळालेला थोडाबहुत विश्वास परत गेला.

सरळ वाटेनं गेलं तर काय होतं त्याचं उदाहरण आपल्याकडे आहे. २०१२-१३ च्या सुमारास लडाखमध्ये चीनच्या सीमेवर आपल्या जवानांना आकाशात प्रकाशगोल दिसत होते. चिनी ड्रोन असावेत असा रास्त संशय होता. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांपुढे नोंदी ठेवल्या गेल्या आणि निष्कर्ष निघाला की हे गुरू आणि शुक्र आहेत. थोडं ओशाळवाणं होतं, पण ते छापून आलं आणि प्रश्न मिटला. नोंद करणाऱ्या जवानांना कुणी वेडं ठरवलं नाही. त्यांच्या नोंदी कामाच्या होत्या, अर्थ चुकला होता आणि तो जाणकारांनी दुरुस्त केला. बेनेविट्झ यांना एवढंच हवं होतं.

डोटीनं नंतर कॅमेऱ्यासमोर अनेक गोष्टी कबूल केल्या. बेनेविट्झ यांना फसवल्याचं तो सांगतो. त्याच तोंडानं तो परग्रहवासी खरे असल्याचंही सांगतो. ज्याचा पेशाच खोटं पेरण्याचा होता, त्याच्या कबुलीतलं कुठलं वाक्य धरायचं? म्हणूनच एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याच्या मुलाखतीवर माझं समाधान होत नाही. मला कागद हवेत.

डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या कायद्यानं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आकाशातल्या अनोळखी वस्तूंविषयीच्या सरकारी कागदांचा स्वतंत्र संग्रह सुरू झाला आहे. तिथे फक्त वैमानिकांचे अहवाल आणि रडारच्या नोंदी जमा होऊन भागणार नाही. हवाई दलाच्या तपास कार्यालयानं नागरिकांवर चालवलेल्या दिशाभुलीच्या फायली त्याच कपाटात आल्या पाहिजेत. त्यातली शस्त्रांची, लहरींची माहिती अजून नाजूक असेल तर काळी करून टाका. पण परवानगी कुणी दिली, कोणत्या नियमाखाली दिली, माणूस आजारी पडतोय हे अहवालात येऊ लागलं तेव्हा वरच्या खुर्चीनं त्यावर काय शेरा मारला, हे झाकण्याचं कोणतंही लष्करी कारण आज उरलेलं नाही. मँझानोची कोठारं १९९२ मध्येच रिकामी झाली.

बेनेविट्झ २००३ मध्ये वारले. त्यांच्या घरच्यांना हवाई दलाकडून माफीचं एक पत्र जायला हवं. आणि त्या फायलीत कुठेतरी १९८० सालचं एक पान असणार, ज्यावर कुणीतरी पहिल्यांदा लिहिलं असेल की या माणसाला खरं सांगायचं नाही. त्या पानावरची सही मला बघायची आहे.